दोन आयांची औषधं आणि माझी केमो

कंपनीच्या वार्षिक तपासणीत शौचामध्ये रक्ताचा अंश सापडला, तेव्हा मला मूळव्याधीची शंका आली. चाळिशी उलटलेली, दिवसभर खुर्चीत बसून गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज तपासायची, जेवणाच्या वेळांना काही धरबंध नाही. मूळव्याध व्हायचीच. मग दुर्बिणीने तपासणी झाली, आणि आठवड्याभराने नागोयातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मोरिता डॉक्टरांनी मला आणि माझ्या बायकोला, मायुमीला, समोर बसवलं.

"गान देस्," ते म्हणाले.

जपानीत कॅन्सरला 'गान' म्हणतात. पंधराएक वर्षं इथे राहिल्यावर हा शब्द मला ठाऊक होताच. पण त्या क्षणी माझ्या कानाने तो आधी मराठीत ऐकला. गान! मला चक्क हसू फुटलं. डॉक्टर चपापले. मायुमीने टेबलाखाली माझा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली. तेव्हा कुठे मी भानावर आलो.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ऑपरेशन नीट झालं, पण शेजारच्या काही गाठींमध्ये तो पोचलेला निघाला. म्हणून सहा महिने केमो ठरली. तीन आठवड्यांतून एकदा हॉस्पिटलात बसून सलाईनमधून एक औषध घ्यायचं, आणि पुढे दोन आठवडे घरी गोळ्या.

कॅन्सरवर लिहिणारे पुष्कळ आहेत, माझ्याकडे त्याहून वेगळं सांगण्यासारखं फार नाही. पण केमो चालू असताना माझा जीव एकदा धोक्यात आला, आणि त्याचं कारण कॅन्सर नव्हता. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

विहिणी

आमच्या घरी मायुमीची आई राहते. तिला आम्ही सगळे ओकासान म्हणतो, म्हणजे आईच. तिचं गाव फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळचं. २०११च्या भूकंपात घर उभं राहिलं, पण अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथे राहता येईना. आधी शाळेच्या हॉलमध्ये, मग नातेवाइकांकडे, मग सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या खोलीत तिने दिवस काढले आणि शेवटी ती आमच्याकडे आली. सुरुवातीच्या दिवसांत लोकांना 'धोका नाही' असं सांगितलं जात होतं, ते तिच्या मनात बसलं होतं. टीव्हीवर कुणी सूटबूटवाला 'काळजी करू नका' म्हणाला की ती उठून आवाज बंद करायची.

माझं ऑपरेशन झाल्यावर साताऱ्याहून माझी आई आली. वडील गेल्यापासून ती एकटीच असते. विमानतळावर मला पाहून ती रडली नाही. माझ्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अजू, आता मी आले आहे." तिच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त होते. सुंठ, आवळकाठी, ज्येष्ठमधाची पूड, घरचं तूप.

"विहीणबाई लेकीकडेच असतात का कायमच्या?" तिने पहिल्याच दिवशी मला हळूच विचारलं.

"त्यांचं घर गेलं ना, आई."

"हो, ते खरं आहे. नाही, आपलं विचारलं."

एका छोट्या स्वयंपाकघरात दोन विहिणी, आणि दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येईना. आई चहाचा चोथा नेमका प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकायची. ओकासान तो काही न बोलता उचलून ओल्या कचऱ्यात टाकायची. न बोलता केलेलं आईला जास्त लागायचं. मध्ये दुभाषी म्हणून माझी मुलगी रिना. सहावीत होती. तिला मराठी समजते, उत्तरं मात्र जपानीत देते. आई म्हणायची, "सांग तुझ्या आजीला, आजारी माणसाला असं अळणी सूप देत नाहीत." रिना जपानीत सांगायची, "आजी म्हणते, सूप छान आहे, थोडं मीठ चालेल." दोघी मान डोलवायच्या. घर त्या पोरीच्या खोटेपणावर चाललं होतं.

तोंड आणि पोटऱ्या

केमोचे पहिले दोन हप्ते निभावले. थंड वस्तूला हात लागला की बोटांतून वीज जायची. फ्रिजचं दार मी उघडू शकत नव्हतो. ऐन हिवाळा होता. आई माझे हातमोजे पोटाशी धरून गरम करायची आणि मग मला घालायला द्यायची. तिसऱ्या हप्त्यानंतर जुलाब झाले, ते औषधाने थांबले. मग तोंड आलं. जीभ, गालफडं, सगळीकडे फोड. वरण गिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

मोरिता डॉक्टरांनी तोंडासाठी एक तपकिरी पावडर दिली. पाण्यात घोळून तोंडात धरायची आणि गिळून टाकायची. ती कांपोची होती. कांपो म्हणजे मूळच्या चिनी जडीबुटींची जपानी परंपरा. इथे हॉस्पिटलातले डॉक्टरच ती औषधं लिहून देतात, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

आईला त्या पावडरीने समाधान झालं नाही. "तोंड आल्यावर ज्येष्ठमधासारखं दुसरं काही नाही," म्हणत ती दिवसातून तीन-चार वेळा ज्येष्ठमधाची पूड मधात कालवून चाटवायची. शिवाय सकाळ-संध्याकाळ त्याचाच काढा. खरं सांगतो, बरं वाटायचं. चव गोड, आणि भरवणारा हात आईचा.

त्यातच पोटऱ्यांमध्ये गोळे यायला लागले. चालता चालता पाय दगड व्हायचा. ओकासानने ते एकदा पाहिलं आणि आपल्या खोलीतून चंदेरी पुड्या घेऊन आली. तिला गुडघ्याच्या डॉक्टरने पायातल्या गोळ्यांसाठी दिलेलं कांपो होतं.

"दाइजोबु," ती म्हणाली. म्हणजे काळजी नको, काही होत नाही. "झाडपाल्याचं आहे. मी कित्येक वर्षं घेते."

मी एक पुडी घेतली. थोड्याच वेळात गोळा सुटला. इतकं लवकर गुण देणारं औषध मला त्या सबंध आजारात दुसरं मिळालं नव्हतं. मग रोज घ्यायला लागलो. गोळे पुन्हा येत राहिले, तसतशी ओकासान पुड्या वाढवत गेली.

हॉस्पिटलात नर्स दर वेळी विचारायची, "आणखी कुठली औषधं चालू आहेत का?" मी म्हणायचो, नाही. ज्येष्ठमध माझ्या लेखी औषध नव्हतंच. आणि घरातल्या म्हातारीने प्रेमाने दिलेल्या दोन पुड्या कुणी औषधांत धरतं का?

स्टेशनचा जिना

हप्त्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत मी कामावर जायचो. त्या सकाळी भुयारी रेल्वेतून उतरलो आणि बाहेर पडायच्या जिन्याशी आलो. पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. डावा उचलेना.

दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. पाय जागेवर होता, पण मी सांगितलेलं त्याला ऐकूच जात नव्हतं. मागून माणसं येत होती, दोन्ही बाजूंनी वाट काढून वर चढत होती. मी कठडा धरला, तर हातातही जोर नव्हता. मग छातीत काहीतरी उलटंपालटं झालं. हृदय एक ठोका चुकलं, थांबलं, आणि दोन-तीन ठोके घाईने टाकून पुन्हा थांबलं.

मी खाली बसलो. सूट घातलेला एक परदेशी माणूस जिन्यात बसलेला पाहून एक बाई थांबली. "बरं वाटत नाही का?" तिने विचारलं. मला 'हो' म्हणायचं होतं, पण जबडासुद्धा जड झाला होता. तिने हाक मारली, स्टेशनचे कर्मचारी व्हीलचेअर घेऊन धावले. व्हीलचेअरमध्ये मला उचलून ठेवताना मनात एकच विचार होता: पसरला. कॅन्सर मेंदूत गेला. आता रिनाची सातवी मला दिसणार नाही.

काय खाल्लंत?

हॉस्पिटलात छातीला तारा लावल्या. पट्टीवरची रेघ बघून तरुण डॉक्टर एकदम गप्प झाली आणि फोन उचलून बाहेर गेली. आजारी माणसाला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा हे गप्प होणं लवकर कळतं.

थोड्या वेळाने मोरिता डॉक्टर स्वतः आले. मायुमीही धावत पोचली होती.

"मेंदूत काही नाही," ते आधी तेच म्हणाले. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. "पण तुमच्या रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. त्याच्यावाचून स्नायू चालत नाहीत. हृदय हाही स्नायूच. सध्या तुम्हाला मॉनिटरवरून हलवता येणार नाही."

"जुलाबांमुळे का?" मायुमीने विचारलं.

"ते तर केव्हाच थांबलेत. शिवाय रक्तदाब वाढलाय, पायांवर सूज आहे. जुलाबांनी असं होत नाही." ते खुर्ची ओढून बसले. "अजित-सान, घरी काय काय खाता, पिता? औषध असो वा नसो. सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. आईचं चाटण, काढा, ओकासानच्या पुड्या. सांगता सांगता मायुमीचा चेहरा बदलत गेला. मला पुड्या मिळतात हे तिला माहीत होतं, पण किती, ते नव्हतं.

"ते सगळं उद्या इथे घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि देणाऱ्यांनाही घेऊन या. किती आणि केव्हा, हे त्यांनाच नीट माहीत असणार."

हातात पोटॅशियमची सलाईन लावली. ती शिरेतून जाताना जळजळायची. छातीवर तारा, आणि डोक्यापाशी माझं हृदय आवाज करत होतं. तो आवाज चुकला की मी श्वास धरायचो. त्या दोन दिवसांत मला मरणाची जी भीती वाटली, ती 'गान' ऐकल्यावरही वाटली नव्हती. कॅन्सर निदान वेळ तरी देतो.

जीभ

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खाटेभोवती सगळे जमले. आईने स्टीलचा डबा घट्ट धरला होता. ओकासानने पुड्या रुमालात बांधून आणल्या होत्या. घरी काय झालं होतं ते दोघींच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं.

"तिच्या त्या चायनीज पुड्यांनीच झालं हे," आई मला म्हणाली. "मी पहिल्यापासून बघते आहे. सांग, रिना, तिला सांग."

ओकासान जपानीत म्हणाली, "डब्यावर नाव नाही, काही नाही. त्यात काय आहे कुणाला माहीत? विचार तिला, रिना."

रिना दोघींच्या मध्ये उभी होती. माझ्या छातीवरच्या तारांकडे बघत होती.

"इया," ती म्हणाली. नाही. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, सलग मराठीत, "मी नाही सांगणार. तुम्हीच बोला."

ती जाऊन आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

मग ओकासानने हात पुढे केला. आईने क्षणभर डबा आणखी जवळ ओढला, मग झाकण उघडलं. ओकासानने बोट बुडवून पूड जिभेवर ठेवली. डोळे मिटले. पुन्हा एक चिमूट घेतली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"कान्झो," ती पुटपुटली.

तिने घाईने एक चंदेरी पुडी फाडली आणि आईचा हात ओढून तिच्या तळव्यावर थोडी ओतली. आईने ती शंकेने हुंगली, जिभेला लावली, आणि तिचा दुसरा हात तोंडाशी गेला.

"अगं बाई! हे तर ज्येष्ठमध आहे."

मोरिता डॉक्टर तेवढ्यात आत आले होते. त्यांनी पुडीवरचं नाव वाचलं, मायुमीने त्यांना डब्यातल्या ज्येष्ठमधाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. कान्झो म्हणजेच ज्येष्ठमध, एकाच झाडाचं मूळ. ते शरीरात फार झालं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे फेकून देतं. केमोच्या जुलाबांनी माझं पोटॅशियम आधीच उतरलेलं. त्यात केमोबरोबर दिलं जाणारं उलटीचं औषध हृदयाच्या लयीला हात घालणारं; पोटॅशियम कमी असताना ते आणखी धोक्याचं.

"आणि," ते थांबले, "आम्ही तोंडासाठी दिलेल्या पावडरीतही कान्झो आहे. थोडं आहे, पण आहे. 'कुठली औषधं घेता' एवढंच आम्ही विचारत राहिलो. 'घरचं काय घेता' असं विचारायला हवं होतं." आणि ते खाली वाकले. आधी माझ्यासमोर, मग दोन्ही म्हाताऱ्यांसमोर.

तिघांनी, आपापल्या परीने मला बरं करण्यासाठी, एकच मूळ दिलं होतं.

घर

तिन्ही बंद झाल्यावर पाय हळूहळू परत आले. पण ज्येष्ठमधाचा अंमल लगेच उतरत नाही. घरी सोडल्यावरही पोटॅशियमच्या गोळ्या चालू होत्या, आणि केमो पुढे ढकलली होती. पुढच्या वेळी रक्त तपासलं, तर पुन्हा ढकलली. ते आठवडे सर्वांत वाईट गेले. औषध नाही म्हणजे आत काही शिल्लक असेल त्याला मोकळं रान, असं सारखं वाटायचं. मायुमीवर मी विनाकारण खेकसायचो. ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मला पण भीती वाटते. मला कुणावर ओरडायची सोय नाही." मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. गरम पाण्यात तेवढे माझे हात चालायचे, म्हणून भांडी मी घासली.

दोन्ही आयांनी स्वयंपाकघर सोडलं होतं. आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसायची. म्हणायची, "माझं तिकीट बघ. मी इथे राहून काय करू? आई असून पोराला हातानं..." पुढचं बोलायची नाही. ओकासान खोलीचं दार लावून घ्यायची.

एका दुपारी ते दार उघडलं. ओकासान येऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि कपाळ तातामीच्या चटईला टेकवलं.

"आमच्या गावाला लोक 'दाइजोबु' म्हणाले होते," ती खालमानेनेच म्हणाली. "त्यांना मी कधी क्षमा केली नाही. आणि तुला मीच दाइजोबु म्हणाले. काही माहीत नसताना."

मायुमी रडू लागली. आईला काही कळलं नव्हतं, पण जमिनीला टेकलेलं ते पिकलं डोकं तिने पाहिलं आणि माळ टाकून उठली. तिने ओकासानच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"उठा हो विहीणबाई. असं नका करू. तुम्ही दिलंत तेच मी दिलं. मीसुद्धा तेच केलं." आणि तिला उठवता उठवता स्वतःच तिच्याशेजारी खाली बसली.

रिना दारात उभी होती. तिने माझ्या आईचं वाक्य न वाक्य जपानीत सांगितलं. या वेळी तिने काही गाळलं नाही आणि पदरचं काही घातलं नाही.

त्यानंतर हॉस्पिटलात आम्ही सगळेच जायला लागलो. दोघी आपापले प्रश्न रिनाकडून विचारून घ्यायच्या. हळद चालेल का? आल्याचा चहा? मिसो सूपमध्ये मीठ किती? डॉक्टर काही गोष्टींना हो म्हणायचे, काहींना नाही, आणि काहींना "माहीत नाही, म्हणून सध्या नको." हे तिसरं उत्तर ओकासानला फार आवडायचं. घरी येताना ती म्हणायची, "हा माणूस माहीत नाही म्हणतो. याचं ऐकावं." गोळ्यांची मात्रा कमी करून केमो पुन्हा सुरू झाली. तोंडासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पोटऱ्यांसाठी गरम टॉवेल. एका पायाशी आई, दुसऱ्याशी ओकासान. गोळे लवकर सुटायचे नाहीत. तेवढा वेळ तिघंही बसून राहायचो.

केमो संपली, आई साताऱ्याला परतली. त्यानंतरची स्कॅन आतापर्यंत स्वच्छ आली आहेत. पुढच्या स्कॅनची तारीख जवळ आली की मी अजूनही घरात सगळ्यांशी तुटक बोलतो, आणि घर ते चालवून घेतं.

ग्योतोकुचा फोन

मागे एकदा तोक्योजवळच्या ग्योतोकुहून एका अनोळखी मराठी मुलाचा फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर घेतला होता. विद्यापीठात पोस्टडॉक करतो, त्यालाच कॅन्सर झालाय, गोळ्या चालू आहेत. नाशिकहून आई आली आहे. तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून एका चिनी दुकानातून मुळांची पूड आणली आहे आणि रोज दुधातून देते.

"घेऊ की नको?" त्याने विचारलं.

"मी डॉक्टर नाही. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. उद्याच्या उद्या ती पूड तुझ्या डॉक्टरांना दाखव. पुढचा पेला त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नको. आणि त्यांनी दिलेलं एखादं औषधही आपल्या मनाने बंद करू नको."

तो घुटमळला. "दादा, आईला काय सांगू? एवढं प्रेमानं करते. तिला वाटेल, मी तिच्यावर संशय घेतला."

मी त्याला साताऱ्याचा, माझ्या आईचा नंबर दिला.

त्याची आई आणि माझी आई बराच वेळ बोलल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. त्याची आई स्वतः पूड पिशवीत घालून सकाळीच तयार होऊन बसली होती, हॉस्पिटलात यायला.

मी आईला फोन करून विचारलं, "काय सांगितलंस गं त्यांना?"

"काय सांगणार?" आई म्हणाली. "म्हटलं, माझ्या मुलानं माझ्या हातचं कधी नको म्हटलं नाही. तुमचाही म्हणायचा नाही. म्हणून विचारायचं ते आपणच विचारायचं."